भरल्या बोटीचा पंखा

पंप खाडीचं पाणी बोटीतल्या पिशव्यांत भरत होता आणि पीटर तोंड वाकडं करून बघत होता. चाळीस वर्षं त्याने मासेमारीच्या बोटीतलं पाणी बाहेर उपसलं होतं. इथे हौसेने आत घेत होते.

"वजन पाहिजे, अंकल," बोटीचा मालक हितेश म्हणाला. "मागे वजन असलं की लाट मोठी उठते. मग फळीवर उभं राहून लाटेवर खेळता येतं."

लाट कसली उठतेय! इंजिन नुसतं बोंबलत होतं आणि बोट चिखलात बसलेल्या म्हशीसारखी हलायला तयार नव्हती. हितेशचा मेहुणा विकी चाकावर होता. तिसऱ्या खेपेला त्याने हात टेकले. याआधी नेहमीच्या ड्रायव्हरच्या बदली गोव्याहून आणलेले दोघेही असेच हात टेकून गेले होते.

ही बोट उचलायची तर पीटरच्या मुलानेच, रायननेच. म्हणून तर त्याची नोकरी पक्की होती, आणि ती नोकरी बघूनच सँड्राच्या घरच्यांनी डिसेंबरचं लग्न कबूल केलं होतं. आता तो लग्नाआधीच्या कोर्सला चर्चच्या केंद्रावर गेला होता. तीन दिवस फोनही बंद.

पीटरला मुलाचा अभिमान होता, तितकीच काळजीही. एवढं ओढून इंजिन बसलं तर खापर रायनच्याच डोक्यावर फुटणार. "बोटीखालचा पंखा चुकलाय तुमचा," असं त्याने रायनला दोनदा सांगून पाहिलं होतं.

"राहू दे ना पप्पा. चालतंय," एवढंच उत्तर मिळालं होतं. पोरगं भिडस्त, मालकाला बोलायला कचरतं, असं पीटरने धरलं. मग आज तो स्वतःच आला.

बोट किनाऱ्यावर ओढल्यावर त्याने पंख्यावर हात फिरवला. तीन पाती, सोळाचा पिच. म्हणजे एका फेऱ्यात सोळा इंच पुढे जायला बघणारा.

"आमची बोट रिकामी जाते, भरून येते," तो म्हणाला. "तुमची निघतानाच भरलेली. हा पळायचा पंखा हाय. वजन ओढायला बाराचा पिच पाहिजे, चार पात्यांचा. हा कोनी लावला?"

"मला काय कळतं त्यातलं?" हितेश म्हणाला.

नवा पंखा दुसऱ्या दिवशी मुंबईहून आला. पीटरने तो आपल्या हाताने बसवला. पिशव्या काठोकाठ भरल्या, आठ माणसं चढली आणि पहिल्याच झटक्याला बोट उठली. मागे कमरेएवढी लाट. विकी एका हाताने चाक फिरवत दुसऱ्या हाताने फोटो काढत होता.

हितेशने पीटरला मिठीच मारली. पीटरचा ऊर भरून आला. रायन येऊन बघेल तेव्हा त्याचा चेहरा कसा होईल, हेच त्याच्या मनात चाललं होतं.

"आता ड्रायव्हरची भानगडच नको," हितेश म्हणाला. "विकी घरचाच आहे. रायनला सांगा, या महिन्यापुरता राहा."

"हितेशभाई, लग्न हाय त्याचं."

"हुशार मुलगा आहे, अंकल. कुठेही चिकटेल."

दोन दिवसांनी दुपारी रायन घरी आला. पीटरने मान खाली घालून सगळं सांगितलं. पोरगं भांडेल, आरडाओरडा करेल, असं त्याला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"बाराचा बसवलास? चार पात्यांचा?" रायनने हळूच विचारलं.

"होय. माझा अंदाज चुकला नाय, बाबा. तुझ्या भल्यासाठीच केलं रे मी."

रायन उठला. पलंगाखालून त्याने एक गोणपाट ओढलं आणि बापासमोर उलगडलं. आत चार पात्यांचा पंखा होता, बाराच्या पिचचा.

"नाहीच चुकला, पप्पा," तो म्हणाला. "बोट आली तेव्हा तिला हाच होता."