ऐंशीला काढायचा

पहिली थप्पड बसली तेव्हा सून चार्जरची वायर गुंडाळत होती.

"ऐंशीला काढायचा, वीसला लावायचा. एवढंसुद्धा डोक्यात शिरत नाही?" नवऱ्याने लॅपटॉप तिच्या नाकासमोर धरला. टचपॅड वर उचललं गेलं होतं, खालचं झाकण फुगलं होतं. "वाट लावलीस माझ्या बॅटरीची!"

बॅटरीला तो जिवापाड जपायचा. दुपारी तो झोपला की चार्जिंगवर नजर ठेवायचं काम बायकोचं आणि आईचं. गेल्या आठवड्यात आईने गुडघे शेकायची विजेची पिशवी लावायला चार्जर पन्नास टक्क्यांनाच काढला, म्हणून त्याने तिचा हात पिरगळला होता. मनगटाची पट्टी अजून सुटली नव्हती.

"अहो, मघाशी दुरुस्तीवाल्याला फोन केला होता," सून म्हणाली. "तो म्हणाला, गादीवर ठेवून वापरलं की तापते आणि..."

गादीवर लॅपटॉप ठेवून सिनेमे बघणारा तो स्वतःच होता. दुसरा फटका कानावर बसला. ती कपाटावर आदळली आणि तिचा ओठ फुटला.

"मला शिकवतेस? मधे बोलायचं नाही!"

"मधे बोलू नकोस गं," सासू कोपऱ्यातून पुटपुटली. सून घरात आल्यापासून तिचं हे एकच पालुपद. सुनेला माराइतकाच या वाक्याचा राग यायचा.

त्याने स्क्रू काढले, झाकण उघडलं. बॅटरी टम्म फुगली होती आणि आत घट्ट चिकटलेली होती. बोटांनी ती हलेना. शिव्या देत तो स्वयंपाकघरात गेला आणि सुरी घेऊन आला.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मघाशी फोन स्पीकरवर होता. दुरुस्तीवाला पुढे काय म्हणाला, ते दोघींनी ऐकलं होतं. काहीही करा, पण फुगलेल्या बॅटरीला टोकदार काही लावू नका, भडकन पेट घेईल.

तो खुर्चीत बसला. लॅपटॉप मांडीवर घेतला. सुरीचं टोक बॅटरीखाली घालून जोर लावू लागला.

सुनेने तोंड उघडलं. काही झालं तरी जिवंत माणूस होता.

सासूने पट्टी बांधलेल्या हाताने तिचं मनगट धरलं. "मधे बोलू नकोस," ती म्हणाली. या वेळी ती पुटपुटली नाही. सुनेला ओढतच तिने दाराबाहेर, जिन्यापर्यंत आणलं.

आत आधी फसफसल्यासारखा आवाज झाला. मग तो किंचाळला.

"आई! आई गं!"

लहानपणी पडला की तो अशीच हाक मारायचा. सासू रडत होती, पण सुनेचं मनगट तिने सोडलं नाही.