घरच्यांसाठी

दार तिनेच उघडलं, आणि तिचा नवरा आत येऊन तिच्याच खुर्चीवर बसला.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरची ती खोली. दर शनिवारी दुपारी लसींची खोकी कोपऱ्यात सरकवून तिथे खुर्च्या गोल मांडल्या जायच्या आणि पिणाऱ्यांच्या घरची माणसं जमायची. पिणारे नव्हेत, घरचे. दवाखान्यातल्या नर्सबाई बैठक चालवायच्या. नियम एकच होता, बोलायचं ते स्वतःबद्दल. इतके महिने येऊनही तिला ते जमलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात उभं राहून राहून पाय दुखायला लागले की ती तशीच इकडे यायची, आणि तिची गोष्ट ‘ह्यांनी’पासून सुरू होऊन ‘ह्यांना’वर संपायची. ह्यांनी काल काय फोडलं, ह्यांना कोणी उचलून आणलं. नर्सबाई विचारायच्या, आणि तुम्ही? ती म्हणायची, माझं काय, मी आहेच. आज मात्र तिने आपणहून सगळ्यांच्या आधी बोलायला मागून घेतलं होतं. तेवढ्यात दार वाजलं.

नवरा शुद्धीवर होता. दाढी घोटलेली, अंगात तिनेच सकाळी इस्त्री केलेला शर्ट. तो विमा एजंट होता. अनोळखी माणसांत त्याला कधीच अवघडायला होत नसे. महिना होत आला, थेंब घेतलेला नाही, असं त्याने सांगून टाकलं. म्हटलं, बायको ज्यांच्याकडे एवढी धावत येते ती मंडळी तरी बघावी.

खोलीचा नूरच पालटला. दारू सोडलेला माणूस इथल्या कोणी इतक्या जवळून पाहिला नव्हता. निवृत्त पोस्टमास्तर, ज्यांचा मुलगा प्यायचा, ते खुर्ची ओढून पुढे सरकले. कसं जमवलंत, गोळ्या कुठल्या, संध्याकाळी हात थरथरत नाहीत का. बेकरीवालीने, माझ्या भावाला दोन शब्द सांगाल का म्हणून, फोन नंबर मागून घेतला. नर्सबाई दोनदा “एक मिनिट” म्हणाल्या. कोणाच्या कानावर गेलं नाही. ती दाराशी उभीच होती. तिला खुर्ची द्यावी हे कोणाला सुचलं नाही.

नवरा रंगात आला. मनाचा निश्चय लागतो, म्हणाला. पण घरचं वातावरणही तसं हवं. घरात सतत कटकट असेल तर माणूस बाहेर शांतता शोधणारच. मग तिच्याकडे बघून तो हसला.

“हिनेही हल्ली बरंच सुधारून घेतलंय स्वतःला.”

पोस्टमास्तरांनी मान डोलावली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्यावरचा राग काही नवा नव्हता, तो ती रोज गिळायची. पण ही माणसं? उलट्या धुतल्या, शेजाऱ्यांना थापा मारल्या, त्याच्या साहेबाला फोन करून ताप आलाय म्हणून सांगितलं, ते सगळं तिने यांच्यापाशी उघडं केलं होतं. आणि तीच माणसं आता तोंडाचा आ करून त्याचं भाषण ऐकत होती. प्यायला तरी त्याचीच चर्चा, सोडली तरी त्याचाच सत्कार.

“उठा,” ती म्हणाली.

“अगं, बोलतोय ना मी यांच्याशी.”

“ही घरच्यांची बैठक आहे. तुमची वेगळी असते, तिकडे जा. ती खुर्ची माझी आहे.”

आवाज चढलेला नव्हता, तरी तो उठला. शर्ट खाली ओढून सारखा केला. दारात थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, “जातो. पण आज माझं पाऊल भलतीकडे वळलं, तर त्याला जबाबदार तू.”

पोस्टमास्तर कळवळून सांगू लागले, की ताई, जा हो त्यांच्या मागे. एवढं छान चाललंय, कशाला उगाच बिघडवता. बेकरीवालीही दाराकडेच बघत होती. आणि तिचे स्वतःचे पायही तिकडेच वळलेले होते. गुत्त्यावर, पोलीस चौकीत, कोणाकोणाच्या लग्नाच्या मांडवात ते असेच धावत गेले होते.

ती खुर्चीवर बसली.

“मास्तर, हे प्यायले ते माझ्यामुळे. सोडली ती स्वतःच्या निश्चयाने. आता परत प्यायले तर पुन्हा माझ्यामुळे. तुमच्या घरी मुलापायी अशी बोलणी कोण ऐकून घेतं?”

पोस्टमास्तरांनी खुर्ची मागे घेतली. खाली बघत ते म्हणाले, “बायको.” त्यांची बायको बैठकीला कधीच आलेली नव्हती. तिलाही घेऊन या, असं त्यांना आजवर कोणी म्हटलं नव्हतं, आणि त्यांनाही सुचलं नव्हतं.

नर्सबाईंनी दार लावून घेतलं. मी आधीच उठवायला हवं होतं त्यांना, असं कबूल केलं. मग तिच्या समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, आता फक्त तुमचं सांगा. कशा आहात?

सगळ्यांनी खुर्च्या तिच्याकडे वळवल्या. राग अजून धगधगत होता. तिला वाटलं, आता तोंड उघडलं की लोंढाच लागेल.

“ह्यांना...” ती म्हणाली आणि थांबली. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा तोच शब्द ओठांवर. ज्या जागेसाठी ती आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांत भांडली होती, ती मिळाली होती, आणि सांगण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं. तिने डोळे मिटले. आत कोणी आहे का, ते चाचपत राहिली. कोणी घाई केली नाही, कोणी शब्द पुरवले नाहीत.

“मला,” ती शेवटी म्हणाली, “भूक लागलीय.”