ओबदुलिया आजीचं नाक

समजा, तुमच्या हातात काळ्या मातीचा पेला आहे. आतला रंग दिसत नाही. समोर आजी बसलीय, डोळ्यांवर फडकं बांधून. तिचं काम राहणार की जाणार, हे आता तुमच्या नाकावर आहे. आणि ही गोष्ट तुम्हा दोघींखेरीज कुणालाच ठाऊक नाही.

मिकाएला नेमकी तशीच उभी होती.

हालिस्कोतल्या त्या लहानशा भट्टीत ओबदुलिया आजीनं हुंगून होकार दिल्याशिवाय घायपातीपासून गाळलेल्या टकिलाची एकही बाटली बाहेर जात नसे. ती नातीलाही शिकवायची. चाखायचं नाही, नुसतं हुंगायचं. पण मिकाएला आजीच्या तोंडाकडे बघून उत्तर द्यायची. मग गेल्या हिवाळ्यात आजी तापातून उठली आणि तिला जवळ घेऊन म्हणाली, “माझं नाक गेलं गं. कुणापाशी बोलू नकोस.”

त्या दिवसापासून दोघींसाठी मिकाएलाच हुंगू लागली. डाव्या मनगटाला चिमटा म्हणजे खोऱ्यातली टकिला, उजव्याला म्हणजे वरच्या रानातल्या लाल मातीतली. लाकडी पिंपात मुरलेली असेल, तर एक चिमटा जास्त.

“पोर कशाला मध्ये?” आज आजीची परीक्षा घ्यायला तीन पेले मांडून बसलेल्या, भट्टीच्या फेर्मीन मालकांनी विचारलं.

“डोळे तुम्हीच बांधलेत, मालक. पेला नाकाशी कोण धरणार, तुम्ही?”

कामगार हसले. मालक हसले नाहीत. “लोक म्हणतात, तुमचं नाक गेलंय. एक जरी चुकलं, तरी उद्यापासून घरी बसायचं.”

पहिला पेला मिकाएलानं आपल्या नाकाखालून नेला. ओली माती, मिरी. तिनं आधार दिल्यासारखं आजीचं डावं मनगट धरलं आणि एक चिमटा काढला.

“खोऱ्यातली. कोरी, पिंपात न गेलेली,” आजी म्हणाली.

मालकांनी मान डोलावली.

दुसऱ्या पेल्यात पिकलं फळ, मध आणि मागे ओकच्या लाकडाचा पुसटसा वास. उजवं मनगट, दोन चिमटे.

“वरच्या रानातली, पिंपात मुरलेली. पण अजून वर्ष नाही झालं तिला.”

मिकाएलानं चमकून आजीकडे पाहिलं. वर्षाचं तिनं काहीच सांगितलं नव्हतं. आजी आपल्या मनानं ठोकून देत होती. पण मालकांनी पुन्हा मान डोलावली.

तिसऱ्याचा वास फिका होता. मध नाही, फळ नाही, नुसतं गवत आणि माती. मिकाएलानं दोनदा हुंगलं. डावं मनगट, एक चिमटा.

आजी बराच वेळ पेल्यावर वाकून राहिली.

“वरच्या रानातली,” ती म्हणाली. “कोरी. घायपातीला फुलाचा दांडा आला आणि तुमच्या माणसांनी तो वेळेवर तोडला नाही, मालक. गोडी सगळी दांड्यानं खाल्ली. कुणालाही खोऱ्यातलीच वाटेल.”

मालकांनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादमानं मान खाली घातली.

“उद्या वेळेवर या, आजी,” मालक म्हणाले आणि निघून गेले.

आजीचं नाक कधी गेलंच नव्हतं, हे मिकाएलाला आता कळलं. तिनं आजीच्या डोळ्यांवरचं फडकं सोडलं, स्वतःच्या डोळ्यांवर घट्ट बांधलं आणि तिसऱ्या पेल्यासाठी हात पुढे केला.