चौथं उद्यापन

सोळा सोमवारांच्या उद्यापनाला जोडीनं बसावं लागतं. मी तीनदा व्रत पुरं केलं आणि तिन्ही वेळा उद्यापन अर्धं राहिलं. हे कॉलेजच्या फुटबॉल टीमचे गोलकीपर, पुढे आमच्या पाटणच्या पंचायत समितीचे सभापती झाले. माझ्या पदराची ह्यांच्या उपरण्याशी गाठ बांधली की नेमका फोन वाजायचा. एकदा घाटात दरड कोसळली, एकदा वऱ्हाडाचा टेम्पो उलटला, एकदा कुणाच्या लेकीला रक्त हवं होतं. "गोलकीपर जाग्यावर पायजे गं," असं म्हणत हे गाठ सोडायचे आणि पळायचे.

गेल्या महिन्यात हे निवडणुकीत पडले. आज आम्ही चौथ्यांदा पाटावर बसलो. भटजींचे मंत्र चालू होते आणि ह्यांचं लक्ष समईशेजारच्या फोनकडे.

"रेंज हाय न्हवं गं?" ह्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"हाय की. पूर्ण हाय."

मग हे हातातल्या अक्षता वाहायच्याही विसरले.

नैवेद्याचं निमित्त करून मी उठले आणि आत जाऊन शेजारच्या फारूकभाईंना फोन लावला. ते ह्यांच्याच टीममध्ये खेळलेले.

"भावजी, ह्यांना एक फोन करा. कायबी काम सांगा, पर लगेच या म्हणा."

"आवं वैनी, आज तुमचं उद्यापन हाय न्हवं?"

"व्हय. ह्या खेपेला गाठ मीच सोडून आलीय."