हलकी पिशवी

"नवे बूट घालून कुणी पायी जातं का? घोडबंदर येईपर्यंत फोड येतील," मटिल्डा खाटेवरूनच म्हणाली.

क्लेमेंटने बूट काढले आणि जुन्या चामड्याच्या वहाणा पुढे ओढल्या. वसईहून वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेला चालत जायचं तर या घरात बायकोचाच शब्द चालायचा. लग्नाआधीपासून ती दर सप्टेंबरात जायची. मग एका पावसाळ्यात वाडीतल्या तळ्याच्या, बावखलाच्या पायरीवरून घसरली आणि कमरेखाली लुळी पडली. घरात पोरबाळ नाही, करणार कोण? म्हणून धाकटी बहीण बेला येऊन राहिली. तिचं लग्न राहिलं ते राहिलंच.

यंदा क्लेमेंट नवस बोलला होता. तिथली रीतच तशी. हात दुखत असेल तर मेणाचा हात वाहायचा, घर हवं असेल तर मेणाचं घर. क्लेमेंट मेणाचे पाय नेणार होता. डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले होते, पण आशा मेली सुटत नाही. एकदा तरी आपल्या पायांनी चुलीपर्यंत जायचं, एवढंच मटिल्डाचं मागणं होतं.

दरवर्षी जाणारी बेला मात्र यंदा नको म्हणाली. पाय सुजलेत, चपला चढत नाहीत, म्हणाली. दिवसभर मला उचलायचं, वळवायचं, सुजणार नाहीत तर काय! मटिल्डाला भरून आलं.

"पिशवी द्या इकडे," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही अख्खं घर भरलं असेल."

क्लेमेंट जरा घुटमळला. "तळाचं पुडकं सोडू नकोस. मेण आहे, मोडेल."

देवळापाशी मंडळी जमली का ते बघायला तो बाहेर पडला. मटिल्डाचे हात शाबूत होते. तिने दुसरा टॉवेल काढला, जाड पँट काढली, बिस्किटांचा डबा काढला. घरी चिमूटभर वाटणारं ओझं दहिसरला खांदा मोडतं, हे या माणसाला कोण सांगणार? खोबरेल, फोडांसाठी सुईदोरा, रोझरी आणि एक सदरा तेवढा राहू दिला.

तळाचं पुडकं तिने हातात तोलून पाहिलं. दोन पाय, आणि इतके हलके? कंजुषी करून एकच पाय आणला की काय? माउलीला अर्धामुर्धा नवस चालत नाही. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतः जाऊन आणायची सोय नव्हती.

"बाय, झाली का पिशवी हलकी?" बेलाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"होतेय," म्हणत मटिल्डाने सुतळीची गाठ सोडली आणि कागद उलगडला.

आत मेणाचं तान्हं बाळ होतं.