लख्ख ताट

दोन घास खाल्ले की ताट बाजूला सारायचं, ही म्हाताऱ्याची नवी खोड म्हातारीच्या डोक्यात गेली होती. "बहिणीकडे चरून आलात वाटतं," तिनं एकदा सुनेसमोरच त्याला सुनावलं. दुसऱ्या दिवसापासून म्हाताऱ्याचं ताट चाटूनपुसून लख्ख. म्हातारी तोऱ्यात होती. जेवणानंतर न्हाणीघरातला नळ एवढा वेळ का वाहतो, याकडे तिनं लक्षच दिलं नाही.

महिन्याभरात त्याचे सदरे अंगावर लोंबायला लागले, तेव्हा तिनंच त्याला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी त्याला उपाशीपोटी बोलावून पोटात दुर्बीण घालून पाहिलं, तर आदल्या दिवशी दुपारी खाल्लेले वाटाणे अजून पोटातच.

"तीस वर्षांच्या साखरेच्या आजारानं पोटाच्या नसा मंदावल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अन्न पुढे सरकतच नाही, म्हणून दोन घासांत पोट गच्च होतं. त्यावर आणखी खाल्लं की उलटून पडणारच. मऊ करून, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा द्या."

म्हातारी नवऱ्याकडे वळली. "म्हणजे रोज ओकत होतात? मग ताट कशाला संपवत होतात?"

"तू रुसतेस ना," तो चपलांकडे बघत म्हणाला.

म्हातारीनं त्याच्या सदऱ्याचं सुटलेलं बटण लावलं.

"सहादा काय, साठदा देईन वाटी वाटी," ती म्हणाली. "पण यापुढे माझं मन राखायला एक घास जरी गिळलात, तर माझ्याशी गाठ आहे."