थोरल्या घरातली मेरी

"मेरी, तू अगदी होतीस तश्शीच आहेस हं!" असं म्हणत रोलंडसाहेब वाकून झोपडीत शिरले. तरी डोकं चौकटीला आपटलंच. मागून त्यांचा वकील आला. त्याच्या काखेत चर्चची लग्नाची नोंदवही होती, आणि हातात भेटीदाखल अर्धा शेर चहा.

सॅबिना मुलरॉय चुलीपाशी उकडलेले बटाटे सोलत होती. ती उठली नाही. सत्तरीतले गुडघे अशा वेळी फार कामाला येतात.

वकिलानं काम सांगितलं. साहेबांचे वडील, थोरले अर्ल, वारले. आता रोलंडसाहेब बॅलीनार्डचे सहावे अर्ल, किलशानीचे व्हायकाउंट आणि ड्रमरेचे बॅरन व्हायचे. पण लंडनचा चुलतभाऊ म्हणतो, यांच्या आईवडिलांचं लग्नच लागलं नव्हतं. वहीतली नोंद मागाहून घुसडलेली आहे. पाद्री गेला, एक साक्षीदार गेला. उरली दुसरी: 'मेरी, मोलकरीण'. पुढं सहीच्या जागी एक फुली.

"ही फुली तुमची, एवढंच लंडनला निवाडा करणाऱ्या लॉर्डांपुढं शपथेवर सांगायचं, आजी."

फुली तिचीच होती. नवरीची, म्हणजे रोलंडसाहेबांच्या आईची, शाल हातावर धरून ती तिथं उभी होती. पाद्र्यानं तिला नाव विचारलं, तर उत्तर नवरीनंच दिलं, "मेरी लिहा. आमच्याकडं सगळ्याच मोलकरणी मेरी. सोयीचं पडतं." त्या घरात एकेकाला पाच-पाच नावं आणि वर तीन-तीन किताब, मोलकरणीला तिचं स्वतःचं एक मात्र परवडत नव्हतं.

"माझ्या वेळेला तुमच्याकडं अकरा मेऱ्या होत्या, साहेब. त्यातली कुठली म्हणता?"

"तूच की! चेष्टा पुरे."

सॅबिनानं बटाटा खाली ठेवला. "माझी आई शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा शेजारचा मार्टिन चौदा मैल चालत तुमच्या मागच्या दाराशी आला. म्हणाला, सॅबिना मुलरॉयला लवकर धाडा. तुमच्या आईसाहेबांनी सांगितलं, या नावाचं इथं कुणी नाही. मला कळलं तोवर आईवर गवत उगवलं होतं."

रोलंडसाहेब पांढरेफटक पडले. "बाई... काय म्हणालात आपण, काय नाव आपलं?"

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तिला अहोजाहो केलं.

"वहीत बघा की," ती म्हणाली. मग उठली. गुडघ्यांनी अजिबात कुरकुर केली नाही. चहाची पुडी वकिलाच्या हातात परत देऊन तिनं दार सताड उघडलं.

"मेरी नावाचं इथं कुणी नाही. डोकं सांभाळ हं, टॉम."

दोघंही थबकले. आपल्यापैकी टॉम कोण, ते त्यांना कळेना.

"आमच्याकडं दारावर येणारे सगळेच टॉम," सॅबिना म्हणाली. "सोयीचं पडतं."